दिसतं, वाटतं, म्हणे आणि दाखवतात

सर, सादर नमस्कार.

मी देवगड तालुक्यातली. बी.कॉम. झाल्यावर गेली दोन वर्षं काकांच्या आंब्याच्या पॅकिंगमध्ये हिशेब आणि पत्रव्यवहार बघते. घरात इंग्रजी लिहिणारी मी एकटीच, त्यामुळे परराज्यातल्या गिऱ्हाइकांचे सगळे ईमेल माझ्या गळ्यात. यंदा हैदराबादच्या एका व्यापाऱ्यांनी कळवलं की दोन पेट्यांतला माल देठाशी काळा पडलाय. सोबत फोटोही पाठवले. फोटो बघून मला एवढंच म्हणायचं होतं की 'माल खराब झालेला दिसतोय'. मी लिहिलं, 'द फ्रूट वॉज ऑस्टेन्सिबली डॅमेज्ड ऑन अरायव्हल.' शब्द जरा वजनदार वाटला म्हणून घेतला, खोटं कशाला सांगू. कोशात अर्थ 'वरवर पाहता' असाच होता. तासाभरात त्यांचा काकांना फोन. 'तुमच्या ऑफिसातली मुलगी आम्हाला खोटारडे म्हणते!' काका त्यांच्याशी गोड बोलले आणि फोन ठेवल्यावर उरलेलं सगळं मला बोलले.

नंतर पुन्हा कोश काढून बसले. अ‍ॅपरंटली, सीमिंगली, आउटवर्डली, ऑस्टेन्सिबली, चौघांच्या पुढे 'वरवर पाहता'! मग मी चुकले कुठे? आणि आता त्यांना काय लिहू? काका म्हणतात गप्प बस. पण मागच्या मालाचे पैसे त्यांच्याकडे अडकलेत. हा शब्द फोनवर बोलायचा झाला तर उच्चार कसा करायचा तेही सांगा, आधीच हसं झालंय. मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.

— कोशाने फसवलेली, देवगड तालुका

चि. कोशाने फसवलेली,

अनेक आशीर्वाद. मालाचे पैसे अडकलेत, तेव्हा आधी तुझ्या वाक्याचं काय झालं ते बघू आणि व्युत्पत्तीचा माझा जुना रोग जमेल तेवढा आवरतो.

तू लिहिलंस ते त्या व्यापाऱ्यांच्या कानावर मराठीत असं पडलं: 'माल खराब झाल्याचं आपण दाखवताय.' तुला म्हणायचं होतं, 'माल खराब झालेला दिसतोय.' दिसतोय आणि दाखवताय. एका क्रियापदाचं अंतर आहे, पण त्या अंतरात माणसाची इभ्रत बसते. फोन आला तो त्यामुळे. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे, एवढाच त्यांचा दोष.

कोशावर फार रागावू नकोस. त्याला एका ओळीत उरकायचं असतं. 'वरवर पाहता' हे चौघांचं आडनाव आहे म्हण. आडनावाने हाक मारली की घरातले सगळेच ओ देतात, आणि आपल्याला हवा असतो नेमका धाकटा.

तर 'ऑस्टेन्सिबली'. याच्या मुळाशी लॅटिनमधलं 'ऑस्टेन्देरे' आहे. अर्थ, पुढे धरणं, दाखवणं. भपकेबाज माणसाला इंग्रजीत 'ऑस्टेन्टेशस' म्हणतात तो याच घरातला. अठराव्या शतकातल्या इंग्रजीत 'ऑस्टेन्सिबल लेटर' म्हणजे चारचौघांना दाखवण्याजोगं पत्र. हे वाचलं तेव्हा मला आमच्या लहानपणीची पाकिटं आठवली. मुंबईला गिरणीत असलेला चाकरमानी गावी पत्र पाठवायचा. एक कागद मोठा, 'तीर्थरूपांच्या सेवेशी' वगैरे, तो ओटीवर मोठ्याने वाचला जायचा आणि शेजारीपाजारीही ऐकायचे. त्याच्या घडीत एक चिठोरा असायचा, तो वाचणारा पोरगा न वाचता मुकाट्याने आत वयनीकडे पोचवायचा. (हे काम मी केलंय. एक श्रीखंडाची गोळी मिळायची.) मोठा कागद तो 'ऑस्टेन्सिबल'. त्यात खोटं काही नसायचं हं. फक्त तो दाखवायचा होता, आणि खरं बोलणं दुसरीकडे होतं.

या शब्दाची सगळी खोच तिथेच आहे. 'ऑस्टेन्सिबली' आला की वाक्यात एक दाखवणारा हात येतो. कुणीतरी, काहीतरी, कशासाठी तरी पुढे करतंय. लिहिणारा ते खोटं आहे असं म्हणत नाही, पण खरेपणाची हमीही घेत नाही. वाचणारा मात्र लगेच पुढच्या 'पण'ची वाट बघायला लागतो. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, यातले दाखवायचे दात म्हणजे 'ऑस्टेन्सिबली'.

आपल्याकडचंच उदाहरण घे. भाऊबंदांपैकी कुणीतरी पाच-सहा वर्षांनी अचानक गणपतीला गावी येतो. आरतीला पुढे, मोदक वाढायलाही पुढे. आणि तिसऱ्या दिवशी तलाठ्याकडे सातबाऱ्याची चौकशी करताना सापडतो. मराठीत आपण म्हणू, 'दाखवायला गणपती, आला होता जमिनीसाठी.' इंग्रजीत 'ही केम ऑस्टेन्सिबली फॉर गणपती' एवढंच लिहिलं तरी पुरे. जमिनीचा उच्चारही करावा लागत नाही, ती आपोआप ऐकू येते. हा शब्द बहुतेक वेळा असा सांगितलेल्या कारणाच्या, हेतूच्या अंगाने येतो. ऑस्टेन्सिबली अमक्यासाठी, ऑस्टेन्सिबली तमकं करायला. कारण पुढे करता येतं. डागाळलेला आंबा कारण पुढे करत नाही, तो नुसता डागाळतो. त्यामुळे तुझ्या वाक्यात दाखवणारा हात शोधायला गेलेल्या माणसाला तिथे एकच हात सापडला, फोटो पाठवणाऱ्याचा.

तुझ्या धंद्यातलं याहून चपखल उदाहरण तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मार्च उजाडला की शहरातल्या हातगाड्यांवर 'देवगड हापूस' छापलेल्या पेट्या लागतात, आणि आतला आंबा आलेला असतो घाटापलीकडून, दुसऱ्या राज्यातून. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं. पण खोका छापणाऱ्याला ते कोण सांगणार? असल्या पेटीबद्दल 'ऑस्टेन्सिबली फ्रॉम देवगड' लिही, बिनधास्त लिही. तिथे हातही आहे, हेतूही आहे आणि छापखानाही आहे.

मराठीत याला जवळचा शब्द 'वरकरणी'. त्यातली 'करणी' बघ. करणारा आहे म्हणून ती आहे. 'वरपांगी'ही चालेल, 'नावाला', 'निमित्ताला' हेही चालतील. 'वरवर पाहता' मात्र चालत नाही, कारण पाहणारा मी आणि दाखवणारा तो, या दोन वेगळ्या खुर्च्या आहेत.

कायद्यात हा शब्द ठाण मांडून बसलाय, आणि आंबेवाल्यांच्या घरात तो कधी ना कधी येतोच म्हणून सांगून ठेवतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, त्याचं कलम ४१ 'ऑस्टेन्सिबल ओनर'बद्दल आहे. बाग खरी पाच भावांची, पण चौघे मुंबईत. त्यांच्या उघड किंवा मूक संमतीने कागदावर आणि गावात मालक म्हणून वावरतो तो एकटा पाचवा. त्याने बाग विकली, आणि घेणाऱ्याने नीट चौकशी करून, मनात खोट न ठेवता, पैसे मोजून घेतली, तर 'त्याला विकण्याचा अधिकारच नव्हता' एवढ्या कारणावर नंतर तो व्यवहार मोडता येत नाही. चौघांनीच त्याला मालक म्हणून पुढे धरलं होतं ना! दाखवण्याची किंमत ज्यांनी दाखवलं त्यांनी मोजायची. (चौकशी 'नीट' केली होती का, यावर मग वर्षानुवर्षं तारखा पडतात, तो भाग वेगळा.)

आता 'अ‍ॅपरंटली'. तुला हवा होता तो हाच, किंवा याचा भाऊ. याचं मूळ 'दिसणं', नजरेच्या टप्प्यात येणं. इथे दाखवणारा कुणी नाही. दारात काकांच्या चपला आहेत, म्हणून तू म्हणतेस, 'काका आलेले दिसतायत.' चपला बघितल्यास, काका नव्हे. पुराव्यावरून केलेला अंदाज, उद्या चुकीचा ठरला तरी कुणाचा अपमान नाही.

पण 'अ‍ॅपरंटली'ला दुसरं एक अंग आहे आणि रोजच्या बोलण्यात तेच जास्त येतं. चपला नाहीत, काही नाही, शेजारची सांगून गेली. मग आपण म्हणतो, 'काका आले म्हणे.' इंग्रजीत इथेही 'अ‍ॅपरंटली'च. आपल्याकडे पाहिलेल्याचा अंदाज वेगळा आणि ऐकलेल्याची बातमी वेगळी. इंग्रजी दोन्ही एकाच पेटीत भरतं.

हे 'म्हणे' मला फार आवडतं, दोन मिनिटं थांबतो त्याच्यापाशी. 'तुका म्हणे' मध्ये बोलणारा कोण ते माहीत आहे, आणि तो आपलं नाव घालून बोलतोय. 'काका आले म्हणे' मध्ये क्रियापद तेच, पण बोलणारा पसार झालाय. कोण म्हणे? ते विचारायचं नसतं. बातमी द्यायची आणि आपले हात कोरडे ठेवायचे, यासाठी याहून छोटा शब्द मला तरी ठाऊक नाही. आणि त्याची जागा बदलून बघ. 'आजारी आहे म्हणे' ही बातमी झाली. 'म्हणे आजारी आहे!' हा टोमणा झाला. शब्द तेवढेच आहेत. तोंडातून आधी 'म्हणे' निघालं की विश्वास नसल्याचं जाहीर झालं. इंग्रज हेच काम आवाजावर करतो. 'अ‍ॅपरंटली ही इज इल' सरळ म्हटलं तर बातमी, आणि 'अ‍ॅपरंटली' लांबवून, भुवई वर नेऊन म्हटलं तर 'म्हणे आजारी!' ईमेलमध्ये भुवई दिसत नाही. म्हणून धंद्याच्या पत्रात 'अ‍ॅपरंटली'ही जपून. समोरच्याने केलेल्या तक्रारीबद्दल तो घातलास तर 'माल खराब झाला म्हणे' असं वाचलं जाऊ शकतं. त्यापेक्षा 'इट अ‍ॅपिअर्स फ्रॉम द फोटोग्राफ्स' बरं. कशावरून दिसतंय ते त्यात सांगितलंय, म्हणजे टोमण्याला जागाच उरत नाही.

'म्हणे'ची एक परीक्षा शब्द निवडताना मी अजून वापरतो. 'मी काल बँकेत गेले म्हणे' असं कुणी बोलतं का? नाही, कारण स्वतः केलेल्या गोष्टीची कानगोष्ट होत नाही. पण 'मी झोपेत बोलले म्हणे' चालतं, कारण तेव्हा आपण हजर नव्हतो. 'अ‍ॅपरंटली'ला जशीच्या तशी ही परीक्षा लागू पडते. तुझ्या आधीच्या कुठल्या ईमेलमध्ये 'आय हॅव अ‍ॅपरंटली डिस्पॅच्ड द बॉक्सेस' असं असेल तर बघ बाई. पेट्या तू स्वतः पाठवल्यास की झोपेत?

खरी गंमत पुढे आहे. याच घराण्यातलं विशेषण 'अ‍ॅपरंट' काही ठिकाणी नेमका उलटा अर्थ घेऊन बसलंय, तिथे ते 'ढळढळीत' या अर्थाने येतं. जुन्या इंग्रजीत तोच अर्थ आधीचा. जे दिसतं ते स्पष्टच की. 'दिसतं, पण तसं असेलच असं नाही' ही शंका पुढे शिरली. राजघराण्यातला 'एअर अ‍ॅपरंट' म्हणजे ज्याचा वारसा पुढे कुणाच्या जन्माने हुकू शकत नाही असा वारस. चार्ल्स १९५२ पासून तो होते. त्यांच्या आई एलिझाबेथ मात्र राणी होईपर्यंत 'अ‍ॅपरंट' कधीच नव्हत्या, 'प्रिझम्प्टिव्ह' होत्या, म्हणजे गृहीत धरलेल्या. भाऊ जन्मला असता तर वारसा त्याच्याकडे गेला असता. कोर्टातही तेच. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ४७, नियम १ मध्ये निकालाचं पुनर्विलोकन मागायचं एक कारण आहे, नोंदीच्या तोंडावरच 'अ‍ॅपरंट' असलेली चूक. तिथे 'भासणारी चूक' असं भाषांतर केलंस तर वकिलाचा अर्ज आणि तुझी नोकरी दोन्ही जातील. ती डोळ्यांत खुपणारी चूक आहे, शोधावी लागत नाही अशी.

आणि एका जागी कायदेवाल्यांनी माझं आतापर्यंतचं सगळं प्रवचन पाण्यात घातलंय, तेही कबूल करतो. दिवाणजीला मालकाने अधिकार दिलेला नाही, पण वागवलं असं की बाजाराला तो अधिकारी वाटावा, अशा अधिकाराला इंग्रजी कायद्यात 'अ‍ॅपरंट ऑथॉरिटी' म्हणतात आणि 'ऑस्टेन्सिबल ऑथॉरिटी'ही म्हणतात. दोन्ही एकच. तेव्हा शब्दांच्या भिंती काँक्रीटच्या नसतात, आपल्याकडच्या गडग्यांसारख्या असतात. मधूनमधून एखादा दगड निसटलेला असतोच.

तू कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघितला असशील. सूर्याची खालची कड पाण्याला टेकते, लोक फोन काढतात. त्या घटकेला सूर्य खरं तर पूर्ण क्षितिजाखाली गेलेला असतो. क्षितिजाजवळचा प्रकाश हवेतून येताना वाकतो आणि बिंबाला साधारण अर्धा अंश वर उचलून दाखवतो. बिंबाची रुंदीही तेवढीच, अर्धा अंश. म्हणजे आपण फोटो काढतो तो मावळलेल्या सूर्याचा. याला खगोलवाले 'अ‍ॅपरंट' स्थान म्हणतात. ताऱ्याची पृथ्वीवरून दिसणारी तेजस्विता ती 'अ‍ॅपरंट मॅग्निट्यूड', मराठीत 'दृश्य प्रत'. सूर्य आपल्याला फसवत नाही, हवा काही लपवत नाही. हेतू कुणाचाच नाही, नुसतं दिसतं तसं. इथे 'ऑस्टेन्सिबली' लिहिलंस तर सूर्यावर चारशेवीसचा आरोप होईल.

'सीमिंगली'वर फार वेळ घालवत नाही. तो 'वाटतं'चा. बघणाऱ्याच्या मनातला. बहुधा विशेषणाच्या हाताला धरून चालतो. सीमिंगली एंडलेस, म्हणजे संपतच नाहीसा वाटणारा, जसा आपला महामार्ग. पुढे 'पण तसं नव्हतं' यायची शक्यता त्यात दाट असते, पण ठपका कुणावर नाही.

'आउटवर्डली'ने मात्र मला एकदा तोंडघशी पाडलंय. मी ज्या कॉलेजात शिकवत होतो तिथले एक सहकारी गेले. अतिशय साधा माणूस. पायात करकरणारी वहाण, खांद्याला कापडी पिशवी, आणि डोक्यात अख्खं व्याकरण. वार्षिक अंकासाठी इंग्रजीत चार ओळी लिहायच्या होत्या. मी लिहिलं, 'अ‍ॅन आउटवर्डली सिंपल मॅन'. मला म्हणायचं होतं की दिसायला साधा, पण विद्वान. तो 'पण विद्वान' पुढच्या वाक्यात होता, आणि छापताना जागा नाही म्हणून पुढचं वाक्य गेलं. उरलं काय? 'वरून साधा.' वरून कीर्तन आणि आतून काय ते लोकांनी आपापलं भरलं. त्यांच्या पत्नी मला काही बोलल्या नाहीत. नंतर एकदा बाजारात भेटल्या, सुरमईचा भाव विचारला आणि निघून गेल्या. मी अजून तो अंक उघडत नाही.

'आउटवर्डली'ला आत आणि बाहेर हवंच असतं, आणि दोन्हीत फरक हवा असतो. आतलं सांगणार नसशील तर बाहेरचं म्हणू नकोस. फणसाचं उदाहरण सगळेच देतात म्हणून मी देत नाही. साका घे. हापूस हातात घेतलास, सोनेरी रंग, देठाशी घमघमाट, साल तुकतुकीत. सुरी घातलीस, कडेचा गर केशरी. आणि बाठ्याकडे गेल्यावर एक पांढुरका, स्पंजासारखा पट्टा, त्याला किंचित आंबूस वास. कापल्याशिवाय कळायची सोय नाही. असला आंबा 'आउटवर्डली परफेक्ट'. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून 'रत्ना' काढला, त्यात हा साका होत नाही. म्हणजे 'रत्ना'बद्दल 'आउटवर्डली गुड' लिहिणं हा त्याच्यावर अन्याय. ग्राहक मात्र अजून हापूसच मागतो, साक्यासकट.

रत्नागिरीला गेलीस तर थिबा पॅलेस बघून ये आणि तिथे उभी राहून कोणता शब्द घालायचा ते ठरव. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं, १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी हा राजवाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. लाल विटांची भिंत, समोर खाडी, वर उतरतं छप्पर. इमारतीपुरतं बोलायचं तर 'आउटवर्डली अ पॅलेस', कारण बाहेरून राजवाडा आणि आत कैद. तो बांधून देणाऱ्या सरकारबद्दल बोलायचं तर 'ऑस्टेन्सिबली अ पॅलेस', कारण राजवाडा म्हणून पुढे केला, ठेवायचा होता बंदिवान. आणि रोज गच्चीवरून समुद्र बघणाऱ्या म्हाताऱ्या राजाला बघून एखाद्या खालच्या कोळ्याने 'राजा खूश दिसतोय' म्हटलं असेल तर त्याचं 'अ‍ॅपरंटली'. तिन्ही शब्द बरोबर. बोलणारा बदलला.

आता कामाचं. आधी फोन, मग ईमेल. काका 'गप्प बस' म्हणतात ते रागाने, धंद्याच्या अकलेने नव्हे. पैसे अडकलेले असताना गप्प बसलं की समोरचा गप्प राहण्याचा अर्थ आपल्या मनाने लावतो. फोन तू कर, काकांनी नको. शब्द तुझा होता. लांबण लावू नकोस. व्युत्पत्ती तर मुळीच सांगू नकोस, ती माझ्यासाठी ठेव. मग लिही:

'वुई हॅव सीन युअर फोटोग्राफ्स. द फ्रूट इन टू बॉक्सेस इज ब्लॅक अ‍ॅट द स्टेम एंड. इन माय लास्ट मेल आय यूज्ड अ राँग वर्ड. आय डिड नॉट मीन टू डाउट यू, अँड आय अपॉलोजाइझ.'

बघ, यात वरचा एकही शब्द नाही. डाग फोटोत दिसतोय, तर 'आहे' म्हण. जे डोळ्यांसमोर आहे त्याला क्रियाविशेषणाचा पदर कशाला? संशय खरंच असेल तर तोही शब्दाआड लपवू नये, सरळ मागावं: कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, पेटीवरचा क्रमांक पाठवा.

भरपाई किती द्यायची हा काकांचा प्रांत. पण त्यांना एवढं विचार की त्या दिवशीची काढणी देठ ठेवून झाली होती का. झेल्यातून, म्हणजे काढणीच्या जाळीच्या काठीतून, उतरवताना देठ मुळापासून तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि देठकुजीलाही वाट मोकळी मिळते. ती फळात आधीच शिरून गप्प बसलेली असते आणि आढीत, किंवा पेटीत, आंबा पिकायला लागला की मग देठापासून काळी पडत खाली उतरते. म्हणजे माल तुमच्याकडून चांगला निघाला आणि त्यांच्याकडे खराब पोचला, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. तुमच्याकडून निघताना तो 'अ‍ॅपरंटली साउंड' होता, असं हवं तर लिही. इथे हा शब्द शोभतो, कारण तो तुम्ही स्वतःच्या नजरेबद्दल वापरताय, त्यांच्या नाही.

पैसे आले की एक ओळ कळव.

तुझा,
सदरवाला

ता. क. उच्चार विचारलायस. 'ऑस्टेन्सिबली'त जोर 'स्टेन'वर, 'ऑस्'वर नाही. 'अ‍ॅपरंटली'त आपण सगळे सुरुवातीचा 'अ‍ॅ' ठासून म्हणतो, मीही इथे तसंच लिहिलंय. इंग्रज तिथे पुसटसा 'अ' म्हणतो आणि जोर 'पॅ'वर देतो: अपॅरंटली. फोनवर यातला कुठलाच शब्द येऊ देऊ नकोस म्हणजे झालं.